सैल सांधे, जड वजनं आणि अडीच हजार वर्षांचा गोंधळ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जास्त झालेले 'म्हणजे' आणि 'बरं का' काढलेत, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

आजचा विषय तसा जिमचा आहे, पण आपण जाणार आहोत इतिहासाच्या दारातून. प्रश्न साधा आहे. ज्यांचे सांधे गरजेपेक्षा जास्त वाकतात, त्यांनी वजन उचलावं का? 'अजिबात नको, सांधा निखळेल' हे उत्तर तुम्ही ऐकलं असेल. 'काही होत नाही, उचला' हेही ऐकलं असेल. ही दोन उत्तरं कुठून आली आणि खरं काय, ते आज बघू.

आधी एक मिनिट फोन खाली ठेवा. करंगळी मागे नेली तर ती ९० अंशांपेक्षा जास्त वळते का? अंगठा मनगटाकडे दुमडून हाताला टेकतो का? हात सरळ केला की कोपर उलट्या बाजूला १० अंशांहून जास्त जातं का? गुडघाही तसाच मागे जातो का? हे चारही दोन्ही बाजूंना बघायचं, एका बाजूचा एक गुण. शेवटचं म्हणजे गुडघे न वाकवता खाली वाकून अख्खे तळहात जमिनीला टेकतात का? त्याचा एक गुण. एकूण ९. जबरदस्ती करू नका. जेवढं आपसूक जातं तेवढंच मोजायचं. याला बेटन स्कोअर म्हणतात. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार मोठ्या माणसाचे ५ किंवा जास्त गुण आले, तर सांधे एकूणच सैल आहेत असं धरतात. पन्नाशीनंतर ४ पुरतात, लहान मुलांना ६ लागतात.

माझे ९ पैकी ७ आहेत. गुडघे तेवढे सरळ, बाकी सगळं वाकतं. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता वाचनाचा नाही.

आता मागे जाऊ. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या आसपास, ग्रीस. हिप्पोक्रेटिसच्या नावावर वैद्यकाचा एक मोठा ग्रंथसंग्रह आहे. त्यातल्या हवा, पाणी आणि ठिकाणं यांवरच्या ग्रंथात काळ्या समुद्राच्या उत्तरेला राहणाऱ्या सिथियन लोकांचं वर्णन येतं. लेखक म्हणतो, यांची शरीरं ओलसर आणि ढिली असतात, इतकी की धनुष्य ओढायला किंवा खांद्यातून भाला फेकायला ताकद लागत नाही. मग ते काय करतात? खांदे, दंड, मनगटं, छाती, कंबर इथे तापलेल्या लोखंडाने डागतात. डागल्यामुळे सांध्यातला ओलावा सुकतो आणि शरीर घट्ट होतं, असं त्याचं म्हणणं.

सैल सांध्यांचं हे सगळ्यात जुनं वर्णन असावं, असं आजचे बरेच डॉक्टर मानतात. गंमत अशी की हेच सिथियन त्या काळचे नावाजलेले धनुर्धारी. त्यांच्या बाणांचा धाक ग्रीकांना होता. म्हणजे लेखकाचं निरीक्षण काही लोकांपुरतं खरं असेलही, पण ते त्याने अख्ख्या लोकांवर चिकटवलं. आपल्याला महत्त्वाची आहे ती त्याची विचार करायची पद्धत: सांधा सैल आहे ना, मग त्याला बाहेरून घट्ट करा.

त्याच संग्रहात सांध्यांवर आणखी एक ग्रंथ आहे. त्यात वारंवार निखळणाऱ्या खांद्याची चर्चा येते. या दुखण्यामुळे चांगले चांगले खेळाडू स्पर्धांमधून बाद झाले, असं तो लिहितो. उपाय तोच, काखेत डाग देऊन व्रण करायचा. पण मध्येच एक निरीक्षण येतं. हिवाळा संपताना बैल अगदी उतरलेले असतात आणि तेव्हा त्यांचा मांडीचा सांधा सहज निखळतो. माणसांचंही तसंच. हडकुळ्या माणसाचा सांधा पटकन निखळतो आणि पटकन बसतो. अंगावर मांस असलेल्याचा कमी निखळतो.

हे वाक्य पुन्हा वाचा. बैलाची हाडं तीच, लिगामेंटही तीच. फरक पडला तो मांसात, म्हणजे स्नायूत. आजच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे पडलेलं होतं. पण पुढची दोन हजारांहून जास्त वर्षं लोकांच्या लक्षात राहिलं ते डागणं. बैल विसरला गेला.

मधल्या काळात अशी शरीरं दिसली की त्यांचं काय व्हायचं? तमाशा. १६५७ मध्ये नेदरलँड्समधल्या लेडन इथे एका तरुण स्पॅनिश माणसाला डॉक्टरांसमोर उभं केलं गेलं. तो छातीवरची कातडी ओढून तोंडापर्यंत आणायचा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत अशीच माणसं सर्कशीत 'रबर मॅन' म्हणून तिकीट लावून दाखवली जायची. लोक टाळ्या वाजवायचे. रात्री त्या माणसाचा खांदा किती दुखतो, हे कोणी विचारल्याची नोंद फारशी सापडत नाही.

वैद्यकाने नाव दिलं ते त्यानंतर. मॉस्कोमध्ये चेर्नोगुबोव यांनी १८९२ मध्ये असे रुग्ण मांडले. कोपनहेगनच्या एडवर्ड एलर्स यांनी १९०१ मध्ये एका विद्यार्थ्याची केस सांगितली. त्याची त्वचा ताणली जायची आणि गुडघे सारखे सरकायचे. पॅरिसच्या आंरी दानलोस यांनी १९०८ मध्ये त्यात भर घातली. त्यावरून एलर्स-दानलोस सिंड्रोम हे नाव पडलं. एलर्स आणि दानलोस दोघेही त्वचारोगतज्ज्ञ होते, त्यामुळे कातडीकडे लक्ष जास्त गेलं आणि सांधा मागे राहिला.

सांध्याचा नंबर लागला १९६७ मध्ये. इंग्लंडमध्ये कर्क, अन्सेल आणि बायवॉटर्स यांनी 'हायपरमोबिलिटी सिंड्रोम' असा शब्द वापरला. म्हणजे दुसरा कुठलाही आजार नाही, फक्त सांधे सैल आहेत आणि म्हणून दुखतं. १९७३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पीटर बेटन आणि सहकाऱ्यांनी त्स्वाना समाजातल्या लोकांचे सांधे तपासले आणि तुम्ही आत्ता केलीत ती ९ गुणांची चाचणी वापरली. ती होती लोकसंख्येचा अभ्यास करायला, झटपट मोजता यावी म्हणून. त्यात खांदा नाही, खुबा नाही, घोटा नाही. म्हणून स्कोअर कमी आला तरी तुमचा खांदा सैल असू शकतो. आणि स्कोअर जास्त आला म्हणजे तुम्ही आजारी, असंही नाही. बहुतेक सैल सांध्यांच्या लोकांना काहीच त्रास होत नाही. लहान मुलांमध्ये तर हे फार सर्रास दिसतं, भारतीय मुलांमध्येही.

आपल्याकडे तर याचं कौतुकच होतं. 'पोरीचं अंग किती लवचीक आहे!' म्हणून नाचाच्या क्लासला, योगासनांच्या स्पर्धेला पहिल्या रांगेत उभं करतात. त्यात वाईट काही नाही. पण मल्लखांब बघितलाय ना? तिथे नुसतं अंग वाकून भागत नाही. वाकलेलं अंग खांबावर धरून ठेवायला पकड, पोट आणि मांड्या लागतात. वाकणं ही एक गोष्ट, वाकलेल्या जागी स्वतःला धरून ठेवणं ही दुसरी.

इथे थोडं शरीराचं काम समजून घेऊ. सांध्याभोवती लिगामेंट असतात, म्हणजे न थकणारे, न विचार करणारे पट्टे. दाराला मागे स्टॉपर असतो तसे. सैल सांध्यात हा स्टॉपर उशिरा लागतो. दार भिंतीवर आपटायच्या बेताला येतं तेव्हा कुठे. अशा वेळी दार हातात धरून सावकाश लावणारं कोणी हवं, आणि ते काम स्नायू करतात. पण स्नायूला दार कुठपर्यंत उघडलंय हे कळायला हवं. डोळे मिटूनही आपला गुडघा किती वाकलाय हे आपल्याला कळतं, त्याला प्रोप्रिओसेप्शन म्हणतात. हा शब्द ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये आणला. १९९० च्या दशकात ग्लासगोच्या संशोधकांनी मोजून दाखवलं की त्रास होणाऱ्या हायपरमोबाइल लोकांमध्ये बोटांची आणि गुडघ्याची ही जाण कमी असते. म्हणजे स्टॉपर उशिरा लागतो आणि दार किती उघडलंय याचा अंदाजही चुकतो. म्हणूनच आपल्यापैकी बरेच जण उभे राहताना गुडघे पार मागे लॉक करून लिगामेंटवर लटकतात. तिथे पोचल्यावरच सांधा 'सापडतो'.

आता दुसरी गोष्ट, वजनांची. १९४४-४५, शिकागो, गार्डिनर जनरल हॉस्पिटल. दुसऱ्या महायुद्धातले जखमी सैनिक, त्यात गुडघ्याची ऑपरेशनं झालेले भरपूर. तेव्हाची पद्धत अशी की ऑपरेशननंतर दीर्घ विश्रांती आणि मग हलक्या वजनाने भरपूर वेळा हालचाल. मांड्या बारीक झालेल्या, पलंग रिकामे होत नाहीत. थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण लष्करी डॉक्टर तिथे होता. लहानपणी संधिवाताच्या तापाने तो अंथरुणाला खिळला होता आणि नंतर वजनं उचलून त्याने ताकद परत आणली होती. त्याने उलटं करून बघितलं. वजन जड, आवर्तनं कमी, आणि जमेल तसं वजन वाढवत न्यायचं. १९४५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. १९४८ मध्ये वॉटकिन्सबरोबर त्याने पद्धत आणखी सोपी केली. तुम्ही जेमतेम १० वेळा उचलू शकाल ते वजन शोधा. पहिला सेट त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण वजनाने, प्रत्येकी १० वेळा. आज जिममध्ये 'तीन सेट, दहा रेप्स' म्हणतात, त्यामागे हा लष्करी दवाखाना आहे.

म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्याला दोन्ही तुकडे हातात होते. सैल सांध्याला स्नायू धरतो हे माहीत होतं. दुखऱ्या सांध्याभोवतीचा स्नायू वजनाने वाढवता येतो हेही माहीत होतं. पण हे दोन तुकडे लवकर जोडले गेले नाहीत. सैल सांध्यांच्या माणसाला सल्ला मिळत राहिला तो 'जपा' असा. आणि १९९० च्या दशकात तर जुना डाग परत आला. दुर्बिणीतून खांद्यात शिरून लेझरने किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने सांध्याभोवतीचं आवरण आक्रसवायची शस्त्रक्रिया जोरात सुरू झाली. काही वर्षांतच अनेक खांदे पुन्हा सैल झाले, काहींच्या कूर्चेची हानी झाली आणि ती पद्धत मागे पडली. लोखंडाच्या जागी लेझर आलं, कल्पना तीच राहिली.

'जपा' या सल्ल्याची किंमत मी घरात बघते. माझ्या आईचेही कोपर माझ्यासारखेच वाकतात. तिशीत तिचा खांदा एकदा सरकला, तेव्हा एका डॉक्टरांनी सांगितलं, जड उचलायचं नाही. किती दिवस, ते सांगितलं नाही. मग पाण्याची बादली बाबांनी उचलायची, गॅसचा सिलिंडर शेजाऱ्यांनी, भाजीची पिशवी मी. सगळं प्रेमानेच. सत्तावन्नाव्या वर्षी तिला सोफ्यातून उठताना हाताचा रेटा द्यावा लागायला लागला. मी व्यायामाचं काढलं की म्हणायची, "अगं, मला जड उचलायचं नाही सांगितलंय ना." "आई, ते पंचवीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं." "मग नंतर कोणी 'आता उचल' असं कुठे सांगितलं?" आणि तिचं बरोबर होतं, कोणीच सांगितलं नव्हतं. दुखतं म्हणून हलवायचं नाही, हलवलं नाही म्हणून स्नायू बारीक, स्नायू बारीक म्हणून सांधा आणखी मोकळा, म्हणून आणखी दुखतं. हिवाळ्यातला बैल तो हाच.

मग पुरावा काय म्हणतो? २००४ मध्ये ग्लासगोच्याच फेरेल आणि सहकाऱ्यांनी १८ हायपरमोबाइल रुग्णांना ८ आठवडे घरी करायचे व्यायाम दिले, पाय जमिनीवर टेकलेले ठेवून. ताकद वाढली, तोल सुधारला, गुडघ्याची जाण वाढली, दुखणं कमी झालं. अभ्यास छोटा होता आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, पण दिशा दिसली. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात गुडघे दुखणाऱ्या २६ हायपरमोबाइल मुलांचे दोन गट केले. एकाने गुडघा सरळ होईपर्यंतच व्यायाम केला, दुसऱ्याने मागे जातो तिथपर्यंत. दुखणं दोघांचंही कमी झालं. म्हणजे शेवटचे ते काही अंश विषारी नाहीत, तिथेही नियंत्रण शिकता येतं.

आणि २०२२ मध्ये डेन्मार्कहून मोठी बातमी आली. खांदे दुखणाऱ्या १०० हायपरमोबाइल लोकांवर १६ आठवड्यांची चाचणी झाली. अर्ध्यांना नेहमीचे हलके व्यायाम, मधल्याच टप्प्यात. अर्ध्यांना जड डंबेल, पूर्ण टप्प्यात, टप्प्याटप्प्याने वाढवत. खांदा रोजच्या कामात किती चालतो हे २१०० गुणांच्या प्रश्नावलीवर मोजलं. जड गट सुमारे १७५ गुणांनी पुढे राहिला. त्यांचे स्नायू जास्त ठणकले, डोकं दुखल्याच्या तक्रारीही जास्त आल्या, पण ते तात्पुरतं होतं. लक्षात घ्या, हे सगळं फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीत झालं. यातून 'उद्या जाऊन बारवर प्लेटा चढवा' असा अर्थ काढू नका. अर्थ एवढाच की धोका वजनाच्या आकड्यात कमी आणि ताबा सुटण्यात जास्त आहे.

मग ताबा कसा ठेवायचा? मला माझ्या फिजिओकडून आणि या वाचनातून जे उपयोगी पडलं ते सांगते.

कोपर आणि गुडघा वर गेल्यावर 'टक' करून लॉक करू नका. जरासं अलीकडे थांबा, सुरुवातीचे काही महिने तरी. आपल्याला 'सरळ' वाटतं ते बऱ्याचदा उलटं वाकलेलं असतं, म्हणून बाजूने फोनवर व्हिडिओ काढा आणि बघा. वजन खाली आणताना तीनपर्यंत मोजा. वेगात गेलं की स्नायूला धरायची संधीच मिळत नाही. पाय जमिनीला टेकलेले, हात भिंतीला किंवा बाकाला टेकलेले व्यायाम आधी घ्या: खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीवरचे पुशअप, केबलने ओढणं. बारला सैल लटकणं, डोक्यामागे बार नेणं, जोडीदाराने दाबून ताणणं हे सध्या बाजूला ठेवा. स्ट्रेचिंगची ओढ आपल्याला असते, कारण स्नायू आखडल्यासारखे वाटतात. पण ते बऱ्याचदा सांधा धरून दमलेले असतात.

वजन वाढवताना सगळ्यात छोटी उडी घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, वजन तरी किंवा आवर्तनं तरी. कोड लिहिणाऱ्यांना हे पटेल, एकदम दहा बदल केले तर बिघाड कशाने झाला ते कळत नाही. स्नायू एक-दोन दिवस ठणकला तर चालतं. सांध्यात टोचणं, सरकल्यासारखं वाटणं, मुंग्या येणं, सूज येणं म्हणजे थांबा आणि दाखवा. थकल्यावर आपली जाण आणखी ढासळते, म्हणून शेवटची दोन आवर्तनं दम संपायच्या आधी सोडून द्या. कोणी कितीही "अजून एक, अजून एक" म्हणो.

आणि हे नीट ऐका. सैल सांधे कधीकधी मोठ्या गोष्टीचा एक भाग असतात. घरात कोणाची मोठी रक्तवाहिनी कमी वयात फाटली असेल, तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तुम्ही खूप उंच आणि लांब बोटांचे असाल, डोळ्याचं भिंग सरकलं असेल किंवा त्वचा अगदी पातळ आणि सहज काळीनिळी पडणारी असेल, तर आधी डॉक्टर, मग जिम. मार्फन सिंड्रोममध्ये आणि एलर्स-दानलोसच्या रक्तवाहिन्यांच्या प्रकारात श्वास रोखून जड वजन उचलणं जिवावर बेतू शकतं. तिथे 'जपा' हाच सल्ला बरोबर आहे. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर तेही आधी सांगा.

आई आता आठवड्यातून तीन दिवस फिजिओने दिलेलं करते. खुर्चीवरून उठणं-बसणं, आणि एक किलोचे डंबेल. गेल्या महिन्यात दीड किलोचे मागवले. सोफ्यातून उठताना अजून कधीकधी हात टेकवते, पण भाजीची पिशवी स्वतः आणते.

तर मंडळी, अडीच हजार वर्षं सैल सांध्यांच्या माणसाला कोणी डागलं, कोणी दाखवलं, कोणी जपून ठेवलं. यातली कोणतीच गोष्ट त्याच्या हातात नव्हती. स्नायू वाढवणं हे त्याच्या हातात आहे, हळू आहे आणि कंटाळवाणं आहे. तुमच्या ग्रुपमध्ये अंगठा मागे वाकवून दाखवणारं एक तरी माणूस असेलच. त्याला किंवा तिला हा भाग पाठवा, आणि 'जड उचलू नको' हा सल्ला कधी मिळाला होता, किती दिवसांसाठी होता, ते विचारा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि गुडघे लॉक करून उभे असाल तर आत्ता जरा मोकळे करा!